न प्यालेल्या पाण्याचं भाडं

किसिमीतल्या आमच्या ऑफिसची खिडकी
रोलर कोस्टरच्या पोटाकडे उघडते.
दर तीन मिनिटांनी चोवीस माणसं ओरडत जातात
आणि माझ्या कपातली कॉफी थरथरते.
आता ते जाणवतही नाही.
थरथरली नाही, की मात्र मान वर होते.

नगरचा मावसभाऊ फोनवर विचारतो,
म्हणजे तू पाळणे फिरवतेस का गं?
नाही रे. थांबले तर काय, ते मोजते.

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे : गर्दी शून्य.
गेट बंद. तिकीट नाही, पॉपकॉर्न नाही,
पार्किंगचे तीस डॉलर नाहीत.
तरी तळ्यातल्या एकशे बारा फ्लेमिंगोंना खायला लागतं,
आणि त्यांचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो,
स्वस्तातलं घातलं तर पांढरे पडतात.
लाकडी घोड्यांचं चक्र रोज वीस मिनिटं
रिकामंच फिरवावं लागतं,
नाहीतर बेअरिंग धरतं.
काहीही न करण्याचे दिवसाला चार लाख.
मी त्याला गुणते.
नऊ दिवस. तीस. एकशे ऐंशी.
एकशे ऐंशीला विल्हेल्मिना, आमची खजिनदार, चष्मा काढते.

तिला एकदा गंगाजळीचा अर्थ सांगितला होता.
की ते खरंच पाणी असतं, तांब्याच्या गडूत, तोंड बंद करून,
शेवटच्या घोटासाठी.
म्हणाली, मग एरवी कितीही तहान लागली तरी?
तरीही.
तिनं ते पॅडवर लिहून घेतलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

पाच बँकांनी कर्जाचा शब्द दिलाय.
ते कर्ज उचललेलं नाही, पण शब्दाचे पैसे दर तिमाहीला जातात,
न प्यालेल्या पाण्याचं भाडं.
बोर्डातले एक गृहस्थ दर मार्चमध्ये विचारतात, हे कशाला?
बाहेर तेव्हा लख्ख ऊन असतं.

शिवाय आम्ही वाऱ्याची भीती विकलीय,
कुठल्याशा पेन्शन फंडांना, रोख्यांमध्ये बांधून.
विमानतळाजवळच्या खांबावर
ताशी एकशे अकरा मैल भरला, तर पैसे आमचे.
एका मैलानं कमी पडला,
तर तो वारा आमचा कुणी लागत नाही.

ऑक्टोबरातलं वादळ.
नाव शिवणाच्या बाईंना शोभेल असं साधं.
जनरेटरवर दोघीच, पडद्यावर खांबाचा आकडा.
अठ्ठ्याण्णव. एकशे चार. एकशे नऊ.
तिथं तो थांबला.
विल्हेल्मिनानं श्वास धरला होता
आणि मी, सांगायला लाज वाटते,
मनात म्हणत होते, अजून थोडा.
दोनच मैल.
जोर लाव.
त्याच वेळी कॅम्पबेल रोडला
कुणाचं तरी पत्र्याचं घर उताणं होत होतं.

आकडा उतरायला लागला.
पहाटे दोन चाळीसला आम्ही बँकांचा शब्द वटवला.
एक बटण, मग दुसरं, मग पासवर्ड चुकला,
मग पुन्हा.
आभाळ फाटल्यावर ठिगळ लावता येत नाही म्हणतात.
आधी कापून ठेवलं असेल तर
थोडंसं लावता येतं, कडेकडेनं.

तिसऱ्या दिवशी चुरोच्या गाडीवरच्या युलालियाचा फोन आला.
तिला भलत्याच एक्स्टेन्शनला जोडून दिलं होतं.
पगार होणार का, एवढंच.
शुक्रवारी, मी म्हटलं. पूर्ण.
पलीकडे टीव्हीचा आवाज, कुणीतरी पोर रडत होतं.
ओके, म्हणाली, आणि ठेवला.

संध्याकाळी चिखल तुडवत खाली गेले.
ओटिस रेनफ्रो घोड्यांचं चक्र फिरवत होता,
संगीत बंद ठेवून.
बसतेस का, त्यानं विचारलं. मी नको म्हटलं.
मग वीस मिनिटं तिथंच उभी राहिले.
एका घोड्याचा कान तुटला होता, तो दर फेरीला समोर यायचा.

यंदा मार्चमध्ये त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं.
भाडं आता वाढलंय.
मी तक्ता दाखवला, नऊ दिवसांचा, खरा.
त्यांनी मान हलवली, पान उलटलं.
दोन मैलांचं
मी कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही.