सात मिलिमीटर

तुळजापूर रोडला, टमटमच्या मागच्या सीटवर
मी आणि गठ्ठा.
गठ्ठ्यात चौदा टॉवेल, सगळे सेकंड:
कुठे काठ ओढलेला, कुठे रंग दोन धाग्यांनी चुकलेला.
बाजारात यांना कुणी विचारत नाही.
तिथे विचारतात.

हिप्परग्याच्या तलावापलीकडे माळावर जाळीची सहा घरं,
फाटकावरची पाटी रंगवायची राहिलेली.
आत वानरांची पोरकी पिल्लं.
कुणाची आई हायवेला ट्रकखाली गेली,
कुणाची विजेच्या तारेवर.
एकीची ज्वारीच्या राखणीत,
त्याबद्दल इथे कुणी फार बोलत नाही.

डॉक्टर हत्तुरेबाईंचा मागच्या महिन्यात फोन:
'येमूलमामा, तुमच्या टॉवेलचा लूप थोडा लांब निघेल का?
मुठीत राहत नाही त्याच्या. निसटतो.
रात्रीतून दोनदा पडलं.'

बत्तीस वर्षं मी लूप मोजतोय.
घरगुती मालाला पाच मिलिमीटर, हॉटेलवाल्यांना चार.
कमी सूत, कमी वजन, कमी भाव.
पडतं कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

मालकाला सांगितलं नाही.
सुट्टीच्या आदल्या रात्री, पाळी सुटल्यावर,
अकरा नंबरच्या मागावर सात लावले.
माग कुरकुरला. ताण चुकला,
एका बाजूला आठ गेले, एका बाजूला सहा.
पहाटेपर्यंत तीन टॉवेल.
ते या गठ्ठ्यात सगळ्यांत खाली.

तोंडाला मास्क, हातात मोजे,
चपला औषधाच्या पाण्यात बुडवून.
आणि बोलायचं नाही.
'आवाजाची सवय लागली,' बाई म्हणाल्या होत्या,
'तर उद्या रस्त्यावर कुणी शेंगा दाखवून हाक मारेल
आणि हे जाईल.'

घरात आमची तेलुगू, गल्लीत मराठी, भिंतीपलीकडे कानडी.
तिन्ही भाषांत मला पोराला चुचकारता येतं.
तिन्ही मास्कच्या आत ठेवल्या.
'रा, रा' ओठांपर्यंत आलेलं
थुंकीबरोबर गिळलं.

मल्लव्वाच्या छातीशी टॉवेल बांधलेला,
टॉवेलला पिल्लू.
वीतभर, काळसर, म्हाताऱ्यासारखं कपाळ,
कानातून उजेड दिसतो.
मल्लव्वाचा चेहरा त्याच्या लक्षात राहू नये
म्हणून ती मान वळवून भिंतीकडे बघत बसते, तासन्‌तास.
विड्या वळता वळता तिने स्वतःची तीन वाढवली,
त्यांच्याकडे एवढं दुर्लक्ष कधी केलं नाही,
हे तिने खुणेनंच सांगितलं. हसली असावी.

जुना टॉवेल सोडला, माझा लावायचा.
मधल्या त्या रिकाम्या क्षणात ते ओरडलं.
बारीक. धोटा अडकल्यावर माग ओरडतो तसं.

मग बोटं लूपमध्ये शिरली. एक. दोन. सगळी.
मूठ मिटली. पायांच्याही मुठी मिटल्या.
मी टॉवेलकडे बघत होतो, पिल्लाकडे नाही.
चुकलेली बाजू धरली होती त्याने. आठची.

बाईंनी अंगठा दाखवला.
मी मान हलवली, माल पास करणारा हलवतो तशी.

मागच्या अंगणात जुने टॉवेल वाळत होते.
प्रत्येकाच्या मधोमध लूप उपटलेले,
दोरे लोंबताहेत हातभर.
आमच्या खात्यात याला ओढ म्हणतात.
ओढ दिसली की खडूची फुली,
माल बाजूला.
मी चार टॉवेल उलटेपालटे करून बघितले.
खिशात खडू होता, तसाच राहिला.

एक मात्र जवळजवळ शाबूत.
'ह्याचा मालक वडावर गेला,' मल्लव्वा म्हणाली,
अंगणात बोलायला चालतं,
'तीन आठवडे झाले. वळून बघितलं पण नाही बघा.'
आणि टॉवेल झटकला, घडी घातली,
पुन्हा उलगडला, पुन्हा घडी.

फाटकाबाहेर बराच वेळ काही मिळेना.
ऊन चढलेलं. माळावर टिटवी एकटीच भांडत होती.
शेवटी एक टमटम थांबली.
'कुठं जायचं, मामा?'
मास्क अजून तोंडावरच होता,
आणि बोलायला मला
थोडा वेळ लागला.