आईचं नाव आधी

चोपड्याच्या अलीकडे, तापीकाठच्या केंद्रावर
पौषातली दुपार कलली की मी स्टुलावर चढते.
दादर माझ्याहून दीड हात उंच.
चिमट्याने एकेक फूल उघडायचं,
आतले तीन पिवळे कोष
न फोडता काढायचे.
एक जरी राहिला तरी रात्रीतून
झाड स्वतःशीच लग्न लावून मोकळं.

मग खाकी पिशवी, टाचणी, लेबल.
लेबल पेन्सिलीनेच. शाई दवात उतरते,
हे मला भारंबे मॅडमनी नाही,
पहिल्या वर्षी कोऱ्या झालेल्या
चाळीस लेबलांनी शिकवलं.

आधी आईचं नाव,
मग फुली,
मग बापाचं.
लग्नपत्रिकेत कधी वाचलं नाही असलं.
मी हसले, तर मॅडम म्हणाल्या,
दाणा जिच्या अंगावर भरतो तिचं नाव आधी,
शास्त्राचा नियम आहे, माझा नाही.

यंदाची आई : धडगाव-तीन.
तीन वर्षांमागे खडखड्या आला,
धांडे आतून पोकळ, हात लावला की कडकन खाली.
अख्खा प्लॉट झोपला.
भिका वॉचमन बांधावरून ओरडला,
"बठ्ठ्या आडव्या पडन्यात, हाई एकलीच उभी शे!"
वही काढली. आणली कुठून?
तोरणमाळच्या वाटेवरचा एक पाडा.
दिली कोणी?
रकाना कोरा.

पण जीपमध्ये मी होते.
रुमाबाई पावराने तुंब्यातली राख फुंकून
ओंजळभर दाणे ओतले माझ्या ओढणीत.
पैसे घेतले नाहीत.
वाढले तर परत आणा, एवढंच म्हणाली.

आता सुदानहून पत्र आलंय.
तिथेही खोडं पोकळ होतायत,
पाऊस वेळ पाळत नाही,
धडगाव-तीन पन्नास ग्रॅम पाठवा.
मॅडम सांगतात, ज्वारी मुळात तिकडचीच,
हजारो वर्षांपूर्वी निघालेली.
म्हणजे लेक माहेरी चालली की!
मी काट्यावर पन्नास ग्रॅम केले
आणि वर पाच दाणे टाकले, ओटीचे.
मॅडमनी पाहिलं.
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

जगाचं पोट, उद्याचं हवामान,
हे सगळं वरच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवतात.
मी चहा द्यायला जाते तेव्हा ऐकते थोडं.
आजच्या फुलीतून वाण निघायला
आठ हंगाम लागतील, तेही सगळं नीट झालं तर.
तोवर माझी हेमांगी बारावीला असेल.
उद्या सकाळी परागाची पुडी घेऊन
पिशवी उघडायची, एवढं मात्र माझ्या हातात.

आणि पेन्सिल.
धडगाव-तीनच्या खाली, बारीक अक्षरात,
मी रुमा लिहिते.
अजून कोणी खोडलेलं नाही.

गोदामात अर्धं पोतं वेगळं ठेवलंय,
तोंड शिवून.
जीपच्या डिझेलचा अर्ज
दोनदा परत आला.
तिसरा मी शाईने लिहिलाय.