तिघांची पिशवी

डंडीच्या गोदीत बसून मीच शिवली होती ती.
रेनडिअरची कातडी, केसाळ बाजू आत,
मेण लावलेला दोरा, दुहेरी टीप.
लेफ्टनंट कार्थ्यू म्हणाले, तिघांची मिळून एकच करा,
ऊब वाया जाणार नाही.
हाल्वर मधे झोपेल, तो सगळ्यांत रुंद.

पहिला आठवडा हसण्यातच गेला.
एकाने कूस बदलली की तिघांनी बदलायची.
हाल्वर झोपेत नॉर्वेजियनमध्ये आकडे मोजायचा,
आणि सकाळी रेनडिअरचे केस
चहात, बिस्किटात, दाढीत.
तिसऱ्या दिवशी लेफ्टनंटसाहेबांचं ‘अहो’ गळून पडलं.
ज्याच्या पायाची बोटं आपण काखेत धरून शेकली
त्याला अहोजाहो किती दिवस करणार?

मग आमचाच घाम आमच्यावर उलटला.
रात्रीचा श्वास कातड्यात शिरून गोठायचा.
निघताना पिशवी तीस पौंड होती,
डिसेंबरात काट्यावर टांगली तर सत्तेचाळीस.
म्हणजे दीड महिन्याचे उसासे
आम्ही स्लेजवर घालून ओढत होतो.

संध्याकाळी
(संध्याकाळ आपली म्हणायची,
सूर्य घाण्याच्या बैलासारखा डोक्याभोवती फिरतच होता)
आत शिरायला तास लागे.
आधी एक पाय. थांबायचं.
तेवढी जागा वितळली की दुसरा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
आम्ही पाय घालून अंथरूण पसरत होतो.

ऐंशीव्या अक्षांशाच्या जरा अलीकडे
हाल्वरने विजार गुडघ्यापर्यंत वर केली.
देवमाशाची चरबी सोलताना सुरी लागलेली,
बारा वर्षांपूर्वी, सात टाके,
मागे एक पांढरी रेघ.
ती रेघ उघडली होती.

हिरड्या तिघांच्याही सुजल्या होत्या,
बिस्किटाला चावलं की बिस्कीट लाल,
त्याची सवय झाली होती.
भीती वाटली ती त्या रेघेची.
मी शिवणारा माणूस.
मला वाटायचं, एकदा धरलं की धरलं.
इथे अंगच बसून स्वतःची शिवण उसवत होतं,
कसलीही घाई न करता.

कार्थ्यूने वहीत लिहिलं : हाल्वर थोडा मंदावला आहे.

सहाव्या सकाळी मी कूस बदलली
आणि मधला बदलला नाही.

जहाजावर कुणी गेलं तर
त्याला कापडात मीच शिवतो,
शेवटचा टाका नाकातून, खात्रीसाठी.
इथे हातभर कापड शिल्लक नव्हतं.
वर बर्फ रचला, त्याचीच एक स्की रोवली.
मी उगाच खिशातली सुई चाचपत राहिलो.

त्या रात्री मधली जागा आमच्यात झोपली.
तिला ऊब नव्हती आणि ती हलतही नव्हती.
दुसऱ्या रात्री कार्थ्यू म्हणाला, आखडून घे.

सुई ओठात धरली, ओठाचं कातडं सुईबरोबर आलं.
एक टाका, मग हात काखेत.
एक टाका, मग हात काखेत.
हाल्वरची रुंदी कापून काढली : तीन वीत, वर चार बोटं.
बर्फावर टाकून द्यायला हात होईना.
पुढे खाणं संपलं तेव्हा
केस खरवडून ती पट्टी उकळली,
पाणी दोघांनी वाटून प्यायलो.
कार्थ्यूच्या वहीत त्या दिवशी फक्त वाऱ्याची दिशा आहे.

आता डंडीतच असतो. तंबू शिवत नाही, पालंही नाही,
पिठाच्या पोत्यांची तोंडं शिवतो.
एल्स्पेथ गिरणीतून येते, केसांत तागाची कुसं,
मी एकेक वेचून काढतो, ती म्हणते राहू दे.
पलंग चांगला ऐसपैस आहे.
मी काठावर झोपतो.
मधे कुणासाठी जागा ठेवतोस, तिने एकदाच विचारलं.

ती कूस बदलते, मीही बदलतो.
बदलण्याआधी
क्षणभर थांबतो.