मूवत्तु की ऐवत्तु

खानापूर. बायकांचा वॉर्ड. रात्रीचे पावणेदोन.
एकतीस खाटा, तेहतीस बायका,
आणि मी.
दुसरी सिस्टर अडलेल्या बाळंतिणीला घेऊन बेळगावला गेली,
पहाटेपर्यंत काही येत नाही.

नऊ नंबर नागव्वा. सतरा नंबर नागव्वा.
"तू नागव्वाच ना गे?" असं विचारायचं नसतं,
हे मला फिलोमिना सिस्टरनी शिकवलं, कॉलेजनं नव्हे.
इकडची बाई कशालाही व्हय म्हणते.
पांढऱ्या कपड्यापुढं नाही म्हणायची
सवयच लागू दिलेली नाही कुणी.
म्हणून विचारायचं, नाव काय?
आणि नवऱ्याचं?
नऊ नंबर धाप लागलेली, तरी पदर तोंडाला लावून हसते.
चाळीस वर्षांत घेतलं नाही,
ते आता सलाइनसाठी घ्यायचं?
शेवटी शेजारची सांगते, साताप्पा.
मनगटावरची पट्टी कन्नडमधली. मी एकेक अक्षर लावते.
साताप्पा. सतरावाली सिद्धाप्पाची.
जुळलं.

डॉक्टर गोकाककडचे. माणूस भला, झोप अर्धवट.
फोनवर सांगतात, मिनिटाला किती थेंब,
आणि रेंज मधेच जाते.
"…वत्तु."

मूवत्तु? नाल्वत्तु? ऐवत्तु?
तीस, चाळीस, पन्नास,
सगळ्यांचं शेपूट एकच,
तोंड तेवढं गेलं.
आणि नऊ नंबरचं हृदय दमलेलं.
तिच्या छातीत पाणी चढायला
असं कितीसं पाणी लागतं?

पुन्हा लावू का फोन?
मागच्या वेळी म्हणाले होते,
एकदा सांगितलेलं कळत नाही?
मेहजबीननं स्वतःची चूक स्वतः वहीत लिहिली,
तर आठवड्यात मेमो, महिन्यात बदली.
तेव्हापासून चुकांची वही कोरी आहे,
तपासणीला आलेले साहेब तिचं कौतुक करून जातात.

एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही.
एकदा मी अंदाजानं लावलं होतं.
अंदाज बरोबर निघाला.
तेच वाईट झालं.
चुकला असता तर हात आयुष्यभर थरथरला असता,
बरोबर आला म्हणून दुसऱ्या दिवशीही
तसाच सरसावला.
फिलोमिना सिस्टरनी फक्त बघितलं माझ्याकडं.
ओरडल्या असत्या तर बरं.

फोन लावते. पाच रिंगा. सहा.
"मूवत्तु की ऐवत्तु, सर?"
तिकडून एक उसासा. "मूवत्तु."
"मूवत्तु. तीन, शून्य. तीस."
गप्प.
मग, जरा जागे होऊन, "हौदु. हौदु सिस्टर."

छातीवरचं घड्याळ उलटं धरून
नळीकडं बघत उभी राहते.
बोलते कन्नड, लिहिते इंग्रजी,
पण थेंब मात्र मराठीतच मोजले जातात,
शाळेत पाढे म्हटले तसे.
पंचवीस, सव्वीस,
"अक्का, नीरु," सतरा नंबर पाणी मागते.
आले गं, एवढा मिनिट होऊ दे.
सत्तावीस की अठ्ठावीस?

काटा बारावर येऊ देते.
पुन्हा, एक.