दहा मिनिटं

पहिल्या दिवशी लोरेन्सूला मी फक्त गोंद शिकवला.
दोन्ही बाजूंना लाव, पातळ,
बुटालाही आणि सोललाही,
आणि मग थांब.
दहा मिनिटं एकमेकांना भेटू द्यायचं नाही.
ओलं असताना दाबलंस
तर संध्याकाळी गिऱ्हाईक सोल हातात घेऊन परत येतं.
त्याने मान डोलावली
आणि चौथ्या मिनिटाला विचारलं,
झालं असेल का आता?

अठरा वर्षांचा. नदीपलीकडे मावशीकडे राहतो,
मावशी रात्रपाळीला.
पोर्तूमधल्या माझ्या या उतरत्या गल्लीत
तो नऊच्या दुकानाला आठला येतो
आणि सातला बंद केल्यावर
कुलूप नीट लागलंय का, हे दोनदा बघतो.

मी बोलले नाही की त्याचे हात थांबतात.
रागावलात का, दोना ओडेत?
अरे, टाच ठोकतेय मी.
चार खिळे ओठांत धरून
माणसाने नाही कसं म्हणायचं?

रात्री उशाशी फोन थरथरतो.
झोपलात?
काही नाही, सहज.
मग पावणेबाराला:
तुम्हाला माझा कंटाळा आलाय, माहितीय मला.
मी चष्मा शोधते, लिहिते, नाही रे बाळा.
वीस मिनिटं पुरतं ते.
तळाला भोक पडलेल्या बुटात
मोज्यावर मोजे घालत बसावं, तसं.
आणि खरं सांगायचं तर
त्या थरथरीची मलाही सवय लागली होती.
कुणाला तरी माझ्यावाचून झोप येत नाही,
एकसष्टाव्या वर्षी हे काय कमी आहे?

एका रात्री आईला ताप होता.
फोन बंद केला. पहिल्यांदाच.
सकाळी शटरसमोर पायरीवर तो,
कागदी पिशवीत दोन पाव,
एक अर्धा खाल्लेला, दुसरा माझ्यासाठी, गारठलेला.
कधीपासून बसलायस?
बोलला नाही.
मी ओरडले. हो, ओरडले,
समोरचा खाटीक बाहेर येऊन बघायला लागला इतकी.
भीतीला माझ्याकडे दुसरा आवाजच नाही.

मग कॉफी दिली आणि सांगितलं:
साडेदहानंतर फोन बंद. रोज.
गुरुवारी संध्याकाळ तुझी, पूर्ण तुझी.
आणि जीव द्यावासा वाटला तर
दाराची घंटा वाजव, कितीही वाजलेले असोत,
ती बंद होत नाही.
त्याला वाटलं मी हाकलतेय.
दोन दिवस आला नाही.
त्या दोन दिवसांत मी एक आख्खी रापी बोथट केली.

तिसऱ्या दिवशी मीच गेले, पूल ओलांडून.
आरोग्य केंद्रात सत्तेचाळीस नंबर मिळाला.
तीन तास.
त्याने माझी बाही धरून ठेवली होती,
पाच वर्षांच्या मुलासारखी नाही,
ट्रामच्या दांडीसारखी.
नंबर पुकारला तेव्हा म्हणाला, तुम्हीही चला ना आत.
मी म्हटलं, मी इथेच आहे, या खुर्चीत.
खुर्चीचा एक पाय लुळा होता.
दार लागल्यावर कळलं,
बाहीला सुरकुत्या पडल्यात
आणि मला त्या झटकाव्याशा वाटत नाहीत.

आता तो तिथे दर मंगळवारी जातो. कधीकधी जात नाही.
परवा त्याने एका म्हातारीचे बूट
संपूर्ण एकट्याने, मला न विचारता केले.
डावा थोडा वाकडा बसला.
मी पाहिलं. तोंडात खिळे नव्हते,
तरी काही म्हटलं नाही.
त्यानेही विचारलं नाही.

काल रात्री दहा वाजून गेले,
फोन उशाशी गप्प.
मी तो हलवून बघितला.
माझी सेलेस्त लक्झेंबर्गला असते,
महिन्यातून एका रविवारी बोलते, घाईत.
तिला लिहिलं, रागावलीस का?
पुसलं.
लिहिलं, झोपलीस? पुसलं.
काही नाही, सहज.
हे मात्र पाठवलं.

मग फोन पालथा ठेवला.
साडेदहाला अजून दहा मिनिटं होती.
पुन्हा उलटा केला.