हलवू नये

बुधवारची रात्र. गुरुवारी भोसरीला सुट्टी,
म्हणून पहाटे पाचपर्यंत मुभा:
जुनं तांबं उपसायचं, फायबर टाकायची,
चारही शेड, गेट, वजनकाटा, कँटीन.

अडीचला रॅक जवळजवळ रिकामा.
खाली वेटोळी, पोत्यात भरावीत अशी,
आणि वीस वर्षांची धूळ, लोखंडाचा कीस मिसळलेली.
राहिली एक निळी वायर.
तिला चिकटपट्टी, वर बॉलपेननं
‘हलवू नये – चांदगुडे’.

नकाशात ती नाही. एक्सेलमध्ये नाही.
दिवा मात्र लुकलुकतोय.

चांदगुडे रिटायर होऊन सासवडला असतात.
पहिल्याच रिंगला उचलला फोन,
जणू उशाशी घेऊनच बसले होते.
"अजून आहे का ती?"
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"खरं सांगू? कुठं जाते
ते मलाही नव्हतं कळलं. म्हणून लिहिलं."

काढली.
काहीच थांबलं नाही.
वजनकाट्यावरचा वॉचमनसुद्धा झोपेतून उठला नाही.

पावणेपाचला नवा रॅक हिरवागार,
एक पोर्ट सोडून. तोही लागला,
दोनदा उपसून परत खोचल्यावर;
का, ते विचारू नका.
गेटबाहेर टपरीवर दूध उतू चाललं होतं.
मी मार्कर शोधला.