अकरा अक्षरं

मक्वाला आली तेव्हा मी छिन्नीला धार लावत होतो.
म्हणाली, एलिझबारसाठी दगड हवा.
खड्डा खणायला मीही होतो,
तरी तिनं पहिल्यापासून सांगितलं, जसं मला ठाऊकच नव्हतं.

माझा दर अक्षरावर.
क्व्रिविश्विली : आमच्या लिपीत अकरा अक्षरं,
वेलीच्या तणाव्यांसारखी, एकही सरळ नाही.
त्यातलं एक चारदा येतं, म्हणून तिची घासाघीस :
तीनदा कोरलंस की हात आपसूक चालतो,
चौथ्याचे पैसे कसले?

श्विली म्हणजे लेकरू, हे शेंबडं पोरही सांगेल.
गावात लोहाराची लेकरं आहेत, न्हाव्याची आहेत,
पाद्र्याची तर आळीभर.
आणि हे एकच घर
विधवेच्या लेकराचं.

कुठली विधवा?
वाइन चढली की एलिझबार सांगायचा, दर वेळी निराळं.
कधी तिचा नवरा अलाझानीपलीकडे गेला
आणि घोडा एकटाच परतला,
कधी जमिनीत पुरलेला रांजण धुवायला उतरला
आणि आतल्या आत गुदमरला.
शेवट मात्र ठरलेला :
चुली मोजणारा कारकून आला,
खोगिरावरूनच विचारलं, घर कुणाचं?
शेजारी म्हणाला, विधवेचं.
कारकुनाला पुढच्या गावी जेवायचं होतं.
त्यानं लिहून टाकलं.

तिचं स्वतःचं नाव
त्या टाकापर्यंत पोचलंच नाही.
पण नंतरचे सगळे, मिशीवाले, मल्ल,
एक तर फौजदार,
हजेरीत तिच्या दुःखाला ओ देत आले.

एलिझबारच्या बापाला लाज वाटायची.
अर्ज घेऊन शहरात गेला होता म्हणे,
गरुडाबिरुडाचं आडनाव मागायला.
शिक्केवाली बाई रजेवर होती.
येताना त्यानं कलिंगड आणलं.

मक्वाला माहेरचंच आडनाव लावते,
आमच्याकडे बायका लावतात तसं.
म्हणाली, एकेचाळीस वर्षं फाटकावरची पाटी पुसली,
ती माझी कधीच नव्हती.
मग बोट दगडावर टेकून :
आता बघ.
आणि हसली, मोठ्यानं,
कोंबड्या बिथरल्या.

शब्द अर्ध्यावर आला तोवर अंधार पडला.
रात्रभर दगड अंगणात उभा,
अंगावर नुसतं 'विधवा' एवढंच,
आणि कुत्रं त्याला पाठ लावून झोपलेलं.

सकाळी दव पुसलं,
लेकरू कोरायला घेतलं.
शेवटच्या अक्षराचे पैसे लावले नाहीत.